नदीत आपला नंबर कितवा?

भिवंडी म्हटलं की लोकांना काय आठवतं? यंत्रमाग, गोदामं आणि नाशिक हायवेवरचा ट्रॅफिक. नदी कुणालाच आठवत नाही. शहराला कामवारी नावाची नदी आहे हे बाहेरच्यांचं सोडा, खुद्द भिवंडीतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यांना तो नाला वाटतो, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? रंगाचं पाणी, सायझिंगचं पाणी आणि गावाचं सांडपाणी पोटात घेऊन ती बिचारी खाडीकडे जाते. कामवारीत आता गळ टाकायची कुणाची हिंमत नाही.

त्यामुळे आमच्या घरातल्या मासेवेड्यांची नदी म्हणजे तानसा. माझं आजोळ तानसेच्या काठी, वज्रेश्वरीच्या थोडं अलीकडे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेलच. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गरम पाण्याच्या कुंडांची गावं बहुतेकांना माहीत असतात. कुंडात अंग शेकायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, मिसळ खायची आणि परत, असा तो कार्यक्रम. नदीकडे पाहतो कोण! खरं तर तानसेवर पहिला हात मुंबईचा. १८९२ साली वर शहापूर तालुक्यात धरण झालं, आणि तेव्हापासून तानसेचं पाणी पाइपांतून मुंबईला जातं. धरण भरून वाहिलं की आमच्याकडे नदी, नाहीतर उन्हाळ्यात धार बारीक होते आणि डोह तेवढे उरतात. मामा म्हणतो, "मुंबईवाले पाणी पितात, आपण ओल चाटतो."

आज हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मोंटानात राहणारा माझा आत्येभाऊ. (हो रे, हे तुझ्यावरच आहे, वाच आणि हस.) तो अमेरिकेत शिकायला गेला तेव्हा त्याला सुरमई आणि पापलेट सोडून दुसरा मासा ओळखता येत नव्हता. आता त्याला ट्राऊटचं वेड लागलंय. मोंटाना म्हणजे ट्राऊटवाल्यांचं पंढरपूर. गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा बॅगेत चार तुकड्यांत मोडणारी एक लांब काठी, एक रीळ आणि पिसांच्या माश्यांची डबी घेऊन आला. माश्या म्हणजे मक्षिका. यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो, वर शिशाचं वजन असतं, आणि त्या वजनाने तंगूस लांब जातो. यात उलटं. गळावर धागा आणि पिसं गुंडाळून किडा बनवलेला असतो, त्याला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं दोरीला. त्यामुळे किडा फेकायचा नसतो, दोरी फेकायची असते. चाबूक मारल्यासारखी ती मागे न्यायची, हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे सोडायची. किडा अगदी शेवटी, आपोआप उडत आल्यासारखा पाण्यावर टेकतो. ट्राऊट वाहत्या थंड पाण्यात धारेकडे तोंड करून उभा असतो आणि वरून वाहत येणारे किडे टिपतो. त्याला फसवायचं ते असं.

हा प्रकार फार जुना आहे. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांचं वर्णन केलंय. ते गळाला लाल लोकर गुंडाळून, कोंबड्याची पिसं लावून मासे धरायचे. लोकर आणि पिसं! हे ऐकल्यावर मामाचा चेहरा खुलला. मामाने आयुष्यभर माग चालवलेत. त्याने आत्येभावाची डबी उघडून एक माशी चष्म्याजवळ धरली, उलटसुलट केली, आणि कांडीवरचं रेशमी सूत काढून अर्ध्या तासात तशीच एक बांधून दाखवली. पिसं अर्थात घरच्या कोंबड्याची. आत्येभाऊ म्हणाला, "मामा, तिकडे याचे तीन डॉलर घेतात." मामाने विचारलं, "डझनाचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोहावर गेलो. तानसेत ट्राऊट नाही, असणारही नाही. त्याला वीस अंशांच्या आतलं पाणी लागतं आणि आपल्याकडे नदीकाठी कुंडं उकळतात. पण बोटभर लांबीचे मासे किड्यावर येतातच. काठावर पोरं जमली, त्या हवेत नाचणाऱ्या दोरीला हसून झालं. आणि दहा मिनिटांत आत्येभावाने मामाच्या माशीवर एक चकचकीत मासा काढला. हात ओला करून हळूच गळ सोडवला, मासा पाण्यात धरून ठेवला, त्याला जरा दम घेऊ दिला आणि सोडून दिला. आम्ही सगळे खूश.

थोडं खाली दगडांत एक कातकरी बाई खेकडे धरत होती. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सोडलास कशाला दादा? मला द्यायचा."

आत्येभावाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. तिच्या आवाजात राग वगैरे काही नव्हता, साधा प्रश्न होता. पण तो माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलाय. आम्ही दोघे त्या पाण्यात मजेसाठी उभे होतो आणि ती दुपारच्या जेवणासाठी. पाणी एकच.

मजेसाठी मासे धरणं हे काही इंग्रजांनीच शिकवलं असं नाही बरं का. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं अख्खं प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खायला घालायचं, काठी कशी, दोरी कशी, सगळं. शब्दच बघा, विनोद! राजाचा विनोद आणि कोळ्याचं पोट ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

आता नदी वाटून कशी घ्यायची याची जगात निरनिराळी उत्तरं आहेत. इंग्लंडात भरतीच्या पाण्याच्या वर बहुतेक नद्यांवर मासे धरायचा हक्क काठाच्या मालकाचा. त्यामुळे चांगल्या ट्राऊटच्या नद्यांवर क्लब, वर्गणी, आणि बाकीच्यांनी पुलावरून बघायचं. मोंटानात नेमकं उलटं. तिथे १९८५ साली कायदा झाला की काठची जमीन कुणाचीही असो, भर पाण्याच्या खुणेपर्यंतच्या पात्रात कुणालाही जाता येईल. रस्त्याच्या पुलावरून उतरा आणि पाण्यातून चालत सुटा, फक्त कुणाच्या कुरणातून जायचं नाही. आत्येभावाला या कायद्याचा केवढा अभिमान! पण मग मॅडिसनसारख्या नावाजलेल्या नदीवर उन्हाळ्यात गर्दी एवढी की विचारू नका. तिथे उपयोगी पडतो तो न लिहिलेला नियम. ट्राऊट धारेकडे तोंड करून असतो म्हणून कोळी खालून वर सरकत जातो. जो आधी पाण्यात उतरलाय आणि वर सरकतोय, त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं नाही. एवढंच. यासाठी पोलीस लागत नाही. पण हा नियम मोडणाऱ्याबद्दल तिकडे जे बोललं जातं ते मी इथे लिहू शकत नाही, आत्याही ब्लॉग वाचते.

तिसरा प्रकार मी स्वतः पाहिलाय. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही काश्मीरला गेलो होतो. सोनमर्गच्या रस्त्याला सिंध नदी सोबत चालते (आपली ती मोठी सिंधू नव्हे, झेलमला मिळणारी धाकटी). हिरवट-पांढरं पाणी आणि काठावर एकटाच काठी घेऊन उभा असलेला माणूस. गाडी थांबवून मी चौकशी केली. तिथे सरकारच्या मत्स्य विभागाने नद्यांचे भाग पाडलेत, त्यांना बीट म्हणतात. एका बीटवर एका दिवशी ठराविकच काठ्या. परवाना त्या दिवसाचा आणि त्याच बीटचा. मासे किती न्यायचे ते ठरलेलं, लहान असेल तर परत पाण्यात. थंडीत अंडी घालायचा काळ, तेव्हा सगळंच बंद. माणूस एकटा का उभा होता ते कळलं. त्याला तिथे एकटं ठेवायची व्यवस्था केलेली होती.

आणि हा ट्राऊट काश्मीरचा नव्हेच. विलायतेहून अंडी मागवली होती. १८९९ ची पहिली खेप वाटेत मेली, १९०० सालची जगली. त्यातली काही पिल्लं कुणी सांभाळली असतील? श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या साहेबाने, आपल्या कारखान्याच्या आवारात! मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बघ, मागवाल्यांनाच मासे कळतात." आता यावर काय बोलणार.

चौथा प्रकार मात्र आपल्या अगदी शेजारी आहे आणि त्यासाठी परवाना, कायदा काही लागत नाही. भिवंडीहून वाड्याच्या बाजूला वैतरणेवर तिळसे आहे. तिथल्या तिळसेश्वराच्या डोहात हातभर लांबीचे महसीर फिरतात. लोक त्यांना खाऊ घालतात, मासे पायऱ्यांशी येतात, पण धरत कुणी नाही. देवाचे मासे! महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथे वरदायिनीचे मासे असेच राखलेले. महसीर नद्यांतून कमी होत गेला तरी या डोहांत टिकला. लोणावळ्याला वळवणला टाटांचं महसीरची पिल्लं तयार करायचं केंद्र १९७० च्या दशकापासून आहे, तेही मोठंच काम. पण डोह राखणाऱ्यांनी ते शतकानुशतकं फुकट केलंय, एवढंच म्हणतो.

एवढा प्रवास केल्यावर आता आजोळच्या डोहावर परत येऊ, कारण खरा प्रश्न तिथला आहे.

तुमच्यापैकी जे ठाणे-रायगडकडचे आहेत त्यांना वलगण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला, ओहोळ लाल पाण्याने नदीला मिळाले, की नदीतले मासे त्या पाण्यावर उलटे चढायला लागतात. पोटात अंडी असतात, ती घालायला ते ओहोळांतून थेट भाताच्या खाचरांत जातात. त्या एक-दोन रात्री अख्खं गाव बत्त्या घेऊन बाहेर. पाग, टोपल्या, काठ्या, कोयते, काय हाताला लागेल ते. मी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून वलगण पाहिलीये, आणि त्या रात्रीच्या कालवणाची चव अजून सांगू शकतो.

पण पूर्वी वलगणीला गाव असायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरतो आणि ठाणे-कल्याण-भिवंडीहून गाड्या येतात. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी डोहावरही तेच. रीळवाले येतात, ते निदान गप्प बसतात. त्यांच्यामागून बाटल्यावाले येतात. आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका रात्री कुणीतरी डोहाच्या तोंडाशी पावडर टाकली. सकाळी मरळ, वाम, शिंगटी, बोटभर पिल्लं, सगळं पांढरं पोट वर करून. पकडणाऱ्यांनी मोठे तेवढे नेले. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पण रात्री दोन वाजता डोहावर कायदा वाचायला कोण जातो?

त्यावरून गावात बैठक झाली. मी नेमका गेलो होतो, म्हणून मागे बसून ऐकली. तरुण पोरं तापली होती. एकच मागणी: पाटी लावा, 'बाहेरच्यांना मासे धरण्यास सक्त मनाई'. एकाने सुचवलं, पाटी कशाला, पावती करू. माणशी दोनशे रुपये, गावाला उत्पन्न. मलाही ते बरं वाटलं, काश्मीरचं बीट डोळ्यांपुढे होतं. बहुतेकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मामा, जो बैठकीत सहसा तंबाखू मळण्यापलीकडे काही करत नाही, म्हणाला, "वाडीवाले बाहेरचे धरायचे का आतले?"

सगळे गप्प.

वाडी म्हणजे कातकरी वाडी. ती गावाला लागून आहे आणि गावात नाही, ही स्थिती आपल्याकडे कुठल्याही गावात दिसेल. दिवाळीनंतर त्यातली बहुतेक घरं वीटभट्ट्यांवर जातात, आपल्याच तालुक्यात नाहीतर आजूबाजूला, आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. येतात तेव्हा गाठीला फार काही नसतं. भट्टीवाल्याची उचल फिटलेली असेलच असं नाही. आणि नेमकी तेव्हाच वलगण असते. म्हणजे आपल्याला जी मजा वाटते ती त्यांच्यासाठी वर्षातला सगळ्यात नडीचा काळ. माणशी दोनशेची पावती त्यांनी कुठून फाडायची? पाटीवरचा 'बाहेरचा' हा शब्द मुंबईच्या गाडीवाल्यासाठी लिहिला जाणार, आणि लागू होणार खेकडे धरणाऱ्या बाईला. गाडीवाला पावती फाडून खुशाल बसणार.

मला तेव्हा तिचा प्रश्न आठवला. बीट, क्लब, पावती, ही सगळी उत्तरं हौशी माणसाने हौशी माणसांसाठी काढलेली आहेत. 'काठावर किती जण मावतील' हा त्यांचा हिशेब. आपल्या नदीचा हिशेब वेगळा आहे. इथे आधी नंबर माशाचा, कारण तो चढलाच नाही आणि अंडी घातलीच नाहीत तर वाटायला काही उरणारच नाही. त्याच्यानंतर ज्याचं पोट त्यावर आहे त्याचा. आणि आपण हौशी लोक तिसरे. तिसरा नंबर म्हणजे हाकलून दिलं असं नव्हे, रांगेत आहोत, फक्त पुढे घुसायचं नाही. मोंटानाचा तो न लिहिलेला नियम मला इथे लागू पडतो असं वाटतं. जो आधीपासून पाण्यात आहे त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं नाही.

हे मी बैठकीत बोललो का? बोललो, पण एवढं व्यवस्थित नाही. शेवटी ठरलं ते एका म्हाताऱ्या बाबांच्या बोलण्यावरून. त्यांची सोयरीक खाडीकाठच्या कोळ्यांत. ते म्हणाले, "दर्यावर जून-जुलै होड्या बंद असतात, नारळी पौर्णिमेला नारळ टाकून मग काम सुरू. कोळी उपाशी मेले का? मग आपल्या डोहाला दोन महिने द्यायला काय जातं?" वाडीतले दोघे बोलावून घेतले होते (हे पहिल्यांदाच झालं असं मामा सांगतो). त्यांनी अट घातली: खाचरात आणि ओहोळात हाताने, टोपलीने धरू, ते बंद करायचं नाही. डोह आणि डोहाचं तोंड मात्र पहिल्या पावसापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कुणीच धरायचं नाही, गावाने नाही, वाडीने नाही, पाहुण्याने नाही. ओहोळाला आडवं जाळं लावायचं नाही. पावडर दिसली तर पोलिसात. पावती नाही. पाटी लागली, पण तिच्यावर 'बाहेरच्यांना' हा शब्द नाही.

मग पाळलं का? जूनमध्ये वलगण झाली. तोंडाशी पहिल्या रात्री तिघे जाळं घेऊन आले, गावातलेच, नात्यातलेच. वाडीतली पोरं आणि मामा बत्ती घेऊन तिथे जाऊन बसले. भांडण झालं नाही, पण त्या तिघांपैकी एका घरचं आमच्याकडे येणंजाणं दिवाळीपर्यंत बंद होतं. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा खाचराच्या कडेच्या पाण्यात पिल्लांचे थवे दिसले. एका पावसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. दुसऱ्या पावसाला मामाचे गुडघे बसू देतील का, हाही प्रश्नच आहे. गावाचं नाव का दिलं नाही ते आता कळलं असेल. पुढच्या जूनमध्ये या ब्लॉगवरून गाड्या यायला नकोत.

आत्येभावाला हे सगळं मेलवर कळवलं. त्याचं उत्तर आलं, पुढच्या वेळी येईन तेव्हा नारळी पौर्णिमेनंतरच काठी बाहेर काढीन, आणि त्या ताईंना सांग, लागलेला मासा तिचा. मामाने त्याच्यासाठी दोन डझन माश्या बांधून ठेवल्यात. तीन डॉलरच्या हिशेबाने, म्हणतो.

तुमच्या गावाकडे काय पद्धत आहे? डोह राखतात का? वलगणीला तुमच्याकडे काय म्हणतात, आणि पहिल्या पावसात पहिला हात कुणाचा असतो? जरूर लिहा. फक्त डोहाचा पत्ता लिहू नका.